नितळ पाणी, काळी बाटली

आता मी जे सांगणार आहे त्यावर तुमच्यापैकी एकाचाही विश्वास बसणार नाही. बसायला नको, असं माझंही मत आहे. या इमारतीत मला सगळे 'थापेश्वर' म्हणतात, ते काही उगाच नाही. मैलापाणी शुद्धीकरण केंद्रात मी तीस वर्षं ऑपरेटर होतो. गटारातून वाहत येणारा कचरा अडवायला तिथं एक लोखंडी जाळी असते. त्या जाळीवर एकदा एक सायकल येऊन अडकली, वर बसलेल्या माणसासकट. त्यानं मला पुढचा रस्ता विचारला, मी दाखवला, तो घंटी वाजवत निघून गेला. ही गोष्ट मी तुम्हाला निदान पन्नास वेळा सांगितली असेल आणि पन्नासही वेळा तुम्ही चहा पाजलात.

पण आजची गोष्ट थाप नाही. टँकर यायला अजून तासभर आहे, बादल्या अंगणात रांगेनं लावून झाल्यात, तेव्हा बसा आणि ऐका. आजच सांगायचं कारण असं की सकाळी प्रत्येकाच्या दाराखालून एक गुलाबी कागद आत सरकलाय. 'ऊर्जाखडा! हंड्यात टाका, पाणी अमृत!' तळमजल्यावरचा हा शिंपी तो कागद नीट घडी घालून खिशात ठेवताना मी या डोळ्यांनी पाहिलाय.

"नुसता वाचायला ठेवला हो, काका," शिंपी म्हणाला.

"सात वर्षांपूर्वी पण तू नुसता बघायलाच गेला होतास. येताना दोन कॅन भरून आणलेस."

शिंपी सुई-दोरा शोधायला लागला. म्हणजे माझं बोलणं बरोबर होतं.

तर सात वर्षांपूर्वी मागच्या नाल्यावरच्या पुलाशी सकाळी आठ वाजता मुंगीला शिरायला जागा नसायची. बायका, म्हातारे, ऑफिसला निघालेले, शाळेच्या रिक्षातून उतरून आलेली पोरं. पुलाच्या कठड्याला टेकून एक पांढरा तंबू, तंबूपुढं चौरंग, चौरंगावर हातभर उंच काचेची बरणी आणि बरणीमागे नितळबाबा. दाढी दुधासारखी, कपडे दुधासारखे. नुकताच धुवून वाळत घातलाय असा माणूस.

बाबांचा शिष्य दोरीला बादली बांधून नाल्यातलं पाणी शेंदायचा. कसलं पाणी! काळपट, फेसाळ, आणि वास असा की पुढच्या रांगेतल्या बायका पदरानं नाक झाकायच्या. ते बरणीत ओतलं की बाबा डोळे मिटायचे.

"पाणी मळत नाही, बाळांनो! पाणी रुसतं! तुम्ही त्याला नाल्यात ढकललंत, ते रुसलं. मी फक्त त्याची समजूत काढतो."

मग चिमूटभर पांढरं भस्म बरणीत पडायचं आणि गाणं सुरू व्हायचं. आधी जलद गाणं, टाळ्या कडकडा, आणि बाबा हातातल्या लाकडी दांड्यानं पाणी गरगर ढवळतायत. मग एकदम चाल बदलायची. संथ गाणं, डुलक्या काढायला लावणारं, आणि दांडा इतका हळू फिरायचा की जणू पाळणा हलतोय. आणि त्या संथ गाण्यात, खोटं सांगत नाही, बरणीत कापसाच्या भुग्यासारखे गोळे दिसायला लागायचे!

"बघा! तुमची पापं गोळा होतायत! जितकं पाप मोठं, तितका गोळा मोठा!"

लोक माना वर करकरून गोळे बघायचे. "तो डावीकडचा आमच्या घरमालकाचा," असं कुणीतरी म्हणायचं आणि हशा पिकायचा. मग बाबा ध्यानाला बसायचे. अर्धा तास कुणी बोलायचं नाही, चौरंगाला धक्का लावायचा नाही. गोळे हळूहळू तळाला. आणि वर? वर पाणी असं की पलीकडच्या माणसाच्या शर्टाची बटणं मोजून घ्यावीत. लोक रडायचे हो! म्हाताऱ्या माणसांना मी पाण्याकडे बघून रडताना पाहिलंय. बाबा वरचं पाणी ओगराळ्यानं काढून कॅनमध्ये भरून द्यायचे. पोटाला उत्तम, त्वचेला उत्तम, बाळाला तर सर्वांत उत्तम. तंबूमागे मोठ्या पिपांमध्ये हेच सगळं दिवसभर चालायचं, म्हणून सगळ्यांना पुरायचं.

पहिल्या दिवशी मी मागे उभा राहून सगळं पाहिलं आणि मला हसू आवरेना. का ते सांगतो.

आमच्या केंद्राच्या प्रयोगशाळेत सहा बरण्यांचं एक यंत्र होतं. प्रत्येक बरणीत एकेक पातं. रोज सकाळी त्यात पाणी घ्यायचं, तुरटी टाकायची, मिनिटभर पातं जोरात फिरवायचं म्हणजे तुरटी सगळीकडे पोचते. मग वीस मिनिटं अगदी हळू, म्हणजे घाणीचे बारीक कण एकमेकांना चिकटून गोळे होतात. घाई केली तर गोळे फुटतात. मग यंत्र बंद, अर्धा तास हात लावायचा नाही, गोळे आपल्या वजनानं खाली. आलं लक्षात? मी खिशातलं घड्याळ काढून बघितलं. जलद गाणं एक मिनिट. संथ गाणं वीस मिनिटं. ध्यान बरोबर तीस मिनिटं. देवाधर्माचं नाव आणि तुरटीचं वेळापत्रक! बाबांनी पूर्वी कुठल्या तरी पाण्याच्या केंद्रावर खर्डेघाशी केली असणार, एवढं मला तिथल्या तिथं कळलं.

"मग तेव्हाच का नाही बोललात?" शिंप्यानं विचारलं.

"बोललो की! ऐकलं कुणी?"

आणि मी बोलणार तरी कुठल्या तोंडानं? नाला काळा झाला होता तो आमच्यामुळे. आमच्या केंद्रात मोठमोठ्या टाक्या आहेत. त्यात कोट्यवधी जंतू पाळलेले असतात, घाण खाणं एवढंच त्यांचं काम. पगार नको, रजा नको, युनियन नाही. त्यांना फक्त हवा लागते. ती हवा खालून फुंकायला तीन ब्लोअर होते. त्या वर्षी दोन बंद पडले आणि तिसरा दम्याच्या पेशंटसारखा खोकत होता. हवा नाही म्हटल्यावर जंतू मेले, घाण तशीच्या तशी नाल्यात. मी साहेबांना सतरा पत्रं लिहिली. सतरा वेळा उत्तर आलं, "पाहू." अठराव्यांदा मी स्वतः गेलो तर साहेब खुशीत.

"अहो, नाल्याच्या तक्रारी थांबल्या! लोक उलट पुलावर गर्दी करतायत. बाबा आपलंच काम करतायत की!"

"साहेब, बाबा दिवसाला दहा पिपं साफ करतो. नाल्यातून दिवसाला दोन कोटी लिटर जातं."

"तुम्ही फार आकड्यात शिरता," साहेब म्हणाले.

सांगा, कपाळ कुठल्या भिंतीवर आपटायचं? गावाला खरा चमत्कार हवा होता तर तो तिथं केंद्रात बंद पडला होता, दोन बेअरिंगं आणि एका मोटरीसाठी. त्याला कुणी हार घालायला आलं नाही.

आता घरचं सांगतो. मुलगा परगावी नोकरीला. घरात मी, सून आणि दहा महिन्यांची नात. तिला आम्ही चिमणी म्हणतो. सुनेला दूध कमी पडायचं, त्यामुळे पोरगी डब्यातल्या पावडरच्या दुधावर होती. नळाला एक दिवसाआड पाणी यायचं, तेही पिवळट. आणि एके सकाळी बघतो तर ओट्यावर बाबांचा कॅन!

मी म्हणालो, "अगं, हे काय आणलंस? नाल्याचं पाणी आहे हे!"

"होतं," सून म्हणाली. "आता बघा की. नळाचं पिवळं ठेवा शेजारी आणि तुम्हीच सांगा पोरीला कुठलं देऊ."

"तुरटी टाकलीय त्यात. दिसतं तसं नसतं ते. निदान उकळून तरी घे!"

"मामंजी, सायकलवाला पण खरा होता ना?"

झालं! आयुष्यभर थापा मारल्याचं फळ मला ओट्याजवळ उभ्याउभ्या मिळालं. एक खरी गोष्ट सांगत होतो तर घरात कुणी ऐकेना. मी हात जोडले, आवाज चढवला, दोन वेळा जेवलो नाही. काही उपयोग नाही.

तिसऱ्या दिवशी चिमणीला जुलाब सुरू झाले. संध्याकाळपर्यंत पोरगी कागदासारखी झाली. डोळे आत गेले. पोटाचं कातडं चिमटीत धरलं की तसंच उभं राहायचं. आणि रडताना डोळ्यांतून पाणी येईना. मी खूप काय काय पाहिलंय, पण बिनपाण्याचं रडणं पाहिलं नव्हतं. दवाखान्यात डॉक्टर हातावर शीर शोधत होत्या, सापडेना. दुसरा हात, सापडेना. शेवटी पायाला सापडली आणि सलाइन लागलं.

"पाणी कुठलं पाजता?" डॉक्टरांनी विचारलं.

सुनेनं खाली बघितलं. मी खाली बघितलं.

"पुलावरचं का? या आठवड्यातलं हे नववं बाळ. हिला मी जीव तोडून वाचवते, पण परत त्याच पाण्यात पाठवू नका. आणि बाकीची पण येतायत मागून. मी एकटी किती शिरा शोधू?"

सुनेनं तीन दिवस ती खुर्ची सोडली नाही. माझ्याशी एक शब्द बोलली नाही.

मी मात्र पहिल्याच सकाळी तिथून उठलो तो तडक केंद्रावर. स्टोअरमधून तुरटीचा नारळाएवढा खडा उचलला, प्रयोगशाळेतली एक बरणी उचलली आणि पुलावर गेलो. गर्दी होतीच. मी कठड्यावर चढलो, नाल्याचं पाणी भरलं, तुरटी किसून टाकली, काठीनं ढवळलं. आधी जोरात, मग हळू. गाणं म्हणायची गरज नव्हती, तरी एक म्हटलं, माझ्या बेसूर आवाजात. तासाभरात माझीही बरणी नितळ!

"बघा!" मी ओरडलो. "यात बाबा नाही, भस्म नाही, ध्यान नाही! तुरटी आहे, साधी तुरटी, दाढी केल्यावर लावतात ती!"

मला वाटलं, आता तंबू उखडणार. लोकांनी माझ्या बरणीकडे बघितलं, बाबांच्या बरणीकडे बघितलं. बाबा गालातल्या गालात हसले.

"बाळा, तुरटी कुणाची? निसर्गाची. आणि निसर्ग कुणाचा?"

"बाबांचा!" शिष्य ओरडला, आणि मागोमाग सगळे.

पण खरी गंमत पुढेच आहे. गंमत कसली, माझ्या कर्माची कथा. पुढच्या रांगेतली एक बाई शेजारणीला म्हणाली, "म्हणजे नुसती तुरटी? मग रांगेत कशाला उभं राहायचं? घरीच करू की!" दुसऱ्या दिवशी किराणा दुकानातली तुरटी संपली. पुलाखाली बादल्यांची रांग. लोक नाल्याचं पाणी घरी नेऊन तुरटी टाकून पीत होते, आणि येता-जाता मला म्हणत होते, "काका, बरं झालं सांगितलंत!"

मी चमत्कार फोडला आणि रोगाची कृती घरोघर वाटून आलो.

"ते मात्र खरंय," शिंपी म्हणाला. "माझ्या बायकोनं पण आणली होती अर्धा किलो."

डोकं धरून मी प्रयोगशाळेत जाऊन बसलो. आमच्याकडे एक केमिस्टबाई होती. वय माझ्या निम्म्याहून कमी, अंग सुपारीएवढं, जीभ मात्र कात्री. मी सगळं सांगितलं. तिनं पूर्ण ऐकलं आणि विचारलं, "काका, तुम्ही लोकांना सांगितलंत काय? तुरटी आहे, एवढंच?"

"मग आणखी काय सांगायचं?"

"पाणी घाण आहे हे कोण सांगणार? तुम्ही ऑपरेटर लोक रोज बरणी उजेडात धरता आणि वहीत लिहिता, 'पाणी नितळ'. जंतू उजेडात दिसतात का? तुरटीनं चिखल बसतो, रंग जातो. जंतूही पुष्कळसे खाली जातात. पण मैलापाण्यात ते कोट्यवधी असतात. शंभरातले नव्वद गेले तरी उरलेले लाखात. एका बाळाला त्यातले थोडेसेच पुरतात."

"ते लोकांना कसं दाखवायचं? सूक्ष्मदर्शक घेऊन पुलावर बसू?"

तिनं कपाटातून चार छोट्या काचेच्या बाटल्या काढल्या. प्रत्येकीच्या तळाशी औषध लावलेली कागदाची एक पट्टी. "या खुणेपर्यंत पाणी भरायचं, झाकण लावायचं, उबेत ठेवायचं. मैल्यातले जंतू असतील तर एक-दोन दिवसांत पाणी डांबरासारखं काळं पडतं. नसतील तर नाही. यात माझा हात नको, तुमचा तर अजिबात नको. तुमच्यावर कोण विश्वास ठेवतो?"

शेवटचं वाक्य काही गरजेचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आम्ही पुलावर. बाई चौरंगापुढे उभी राहिली आणि तिनं बाबांना वाकून नमस्कारच केला. मी चाट! म्हणाली, "बाबा, तुमच्या पाण्याची कीर्ती सरकारी कागदावर आणायचीय. परवानगी द्या."

बाबांची दाढी फुलली. "विज्ञान शेवटी आमच्याच दारी येतं, बाळांनो!"

"तर या चार बाटल्या," बाई गर्दीकडे वळून म्हणाली. "एकीत नाल्याचं पाणी भरू. एकीत बाबांचं नितळ पाणी. एकीत बाबांचंच, पण दहा मिनिटं खळाखळा उकळून गार केलेलं. आणि एकीत नळाचं. भरायचं तुम्ही, खुणा करायच्या तुम्ही, कुलूप लावायचं तुम्ही. मी हात मागे बांधून उभी राहते."

"नळाचं पिवळं कशाला? ते तर बघूनच कळतंय," कुणीतरी म्हणालं.

"असू दे. हरेल बिचारं."

बायकांनीच बाटल्या भरल्या. चहावाल्यानं त्याच्या स्टोव्हवर पाणी उकळून दिलं. झाकणांवर वेगवेगळ्या रंगांचे दोरे बांधले ते या शिंप्यानं, आणि बाटल्या ठेवल्या त्याच्या दुकानातल्या काचेच्या कपाटात, इस्त्रीच्या टेबलाशेजारी, कारण तिथं ऊब. किल्ली तीन बायकांकडे, तीन कुलपं.

"नाल्याला काळा दोरा, बाबांना पांढरा, उकळलेल्याला लाल, नळाला पिवळा," शिंपी उठून उभा राहून सांगायला लागला. "मी रात्रभर दुकानात झोपलो, काका! कुणी हात लावला नाही!"

"सांग, सांग. आज तरी माझ्या बाजूनं साक्ष दे."

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता अख्खी वस्ती शिंप्याच्या दुकानापुढे. कुलपं निघाली. काळ्या दोऱ्याची बाटली काळी. त्यात नवल नाही. पांढऱ्या दोऱ्याची बाटली, बाबांची, आदल्या दिवशी जिच्यातून पलीकडचं वर्तमानपत्र वाचता येत होतं ती, काजळासारखी काळीकुट्ट! लाल दोऱ्याची, उकळलेली, होती तशी. आणि ते पिवळट, बिचारं, सगळ्यांनी नाक मुरडलेलं नळाचं पाणी? पिवळटच. काळेपणाचा ठिपका नाही.

मग एका बाईनं हळूच विचारलं, "म्हणजे पिवळं चांगलं आणि नितळ वाईट?"

"पिवळेपणा जुन्या पाइपांच्या गंजाचा," केमिस्टबाई म्हणाली. "दिसायला वाईट, पण त्यात जंतू मारायचं औषध टाकलेलं असतं. नितळ म्हणजे फक्त नितळ. काच पण नितळ असते, कुणी खातं का? पाणी साफ आहे का ते डोळ्याला विचारू नका. तपासा. आणि तपासता येत नसेल तर उकळा."

तेवढ्यात बाबा आले. बाटली बघून क्षणभर त्यांचा चेहरा तिच्यासारखाच झाला, पण गडी कसलेला. "बाळांनो! पाण्यानं तुमच्या घरांतली पापं ओढून घेतली! म्हणून काळं पडलं! केवढा त्याग!"

"मग उकळलेल्यानं का नाही ओढली?" शिंप्यानं विचारलं. हाच, हा समोर बसलेला. तेव्हा त्याला अक्कल होती, ती गुलाबी कागदात गुंडाळून ठेवायच्या आधी.

केमिस्टबाईनं चौरंगावरच्या बरणीतून पेलाभर पाणी आणवलं होतं. तो पेला तिनं बाबांपुढे धरला. "घ्या बाबा. घोटभर. सगळ्यांसमोर."

बाबांनी पेल्याकडे पाहिलं, गर्दीकडे पाहिलं आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "आज माझं मौन आहे."

पहिल्यांदा चहावाला हसला. मग सगळे. तरी एक आजीबाई म्हणाल्याच, "अहो, उपास असेल त्यांचा." आणि त्याच वेळी कुणीतरी तंबूचा मागचा पडदा वर केला. आत तुरटीची चार पोती, आणि त्यांच्या शेजारी दुकानातून आणलेल्या सीलबंद पाण्याच्या बाटल्यांची थप्पी, छतापर्यंत. बाबा स्वतः एवढे दिवस काय पीत होते ते सगळ्यांना दिसलं.

रिकामी बाळदुधाची बाटली हातात घेऊन एक बाई पडद्यापाशी उभी होती. तिचं बाळ चिमणीच्या शेजारच्या खाटेवर होतं. ती हसली नाही. तिनं बाटली पोत्यावर ठेवली आणि निघून गेली. त्यानंतर दुसऱ्यांनाही हसू आलं नाही. अंधार पडायच्या आत तंबू गेला, बाबा गेले, चौरंग तेवढा राहिला. त्यावर आता चहावाला बरण्या ठेवतो.

चौथ्या दिवशी चिमणी रडली, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी आलं. डॉक्टर म्हणाल्या, "आता घरी न्या." आज ती दुसरीत आहे आणि माझ्यापेक्षा मोठ्या थापा मारते. नऊ बाळांपैकी आठ घरी गेली. उरलेलं एक कुणाचं ते मी सांगत नाही. ती बाई आपल्याच गल्लीत राहते.

आणि ब्लोअर? तुम्हाला वाटेल, लोक साहेबांच्या दारात गेले असतील. गेलेही, दोन दिवस. मग क्रिकेटची मॅच होती. ब्लोअर सुरू व्हायला पुढे आठ महिने लागले. आठ महिने नाला तसाच वाहत होता आणि पुलावरून जाणारे नाक दाबून म्हणत होते, "बाबा होते तेव्हा निदान वास तरी सहन व्हायचा." असं ऐकलं की वाटतं, सायकलवाल्याची गोष्ट सांगावी हेच बरं. ती तरी कुणाला इजा करत नाही.

म्हणून सांगतो, तो गुलाबी कागद फाडून टाका. खडा पाणी साफ करत नाही, बाबा करत नाही, मंत्र करत नाही. घाण खाणारे जंतू, त्यांना लागणारी हवा, औषध, आणि ते रोज तपासणारी माणसं, एवढ्यांनी पाणी साफ होतं. कुणी म्हणालं की आमचं पाणी शुद्ध आहे, तर विचारा: कशावरून? कुणी तपासलं? कधी? आमचा ब्लोअर चालू आहे की नाही ते जाऊन विचारा, दर महिन्याला विचारा, साहेबांना झोप येऊ देऊ नका. आणि घरात डोकं चालवणारं एक जरी माणूस असेल तर त्याचं ऐका. मी त्या वेळी घसा कोरडा करून सांगत होतो सुनेला, उकळ गं बाई, निदान उकळ...

शिंपी माझ्याकडे बघत नव्हता. माझ्या खांद्यामागे बघत होता. बादल्यांच्या रांगेतल्या बायकाही तिकडेच बघत होत्या.

"मामंजी," मागून सुनेचा आवाज आला. ती कधी खाली उतरली होती कोण जाणे, हातात रिकामी कळशी. आवाज चढवलेला नव्हता. "कॅन तुम्ही आणला होता. बाबा ढोंगी आहे पण पाणी चोख आहे, तुरटीनं तीस वर्षं आम्ही हेच केलं, असं म्हणाला होतात तुम्ही. मी ते पाणी उकळायला ठेवलं होतं. गॅस तुम्ही बंद केलात."